नसलेली सासू

आमच्या गॅलरीवर अकरा दारं होती, आणि शनिवारी दुपारी त्यातल्या प्रत्येक दारातून वेगळ्या फोडणीचा वास यायचा. आमचं दार चौथं. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या त्या उंच इमारतीत आठव्या मजल्यावर आम्ही तिघं राहायचो, आई, बाबा आणि मी. बाबा एका प्रयोगशाळेत पाण्यातल्या जिवाणूंवर काम करायचे आणि घरी आल्यावरही नळाच्या पाण्याकडे संशयानं बघायचे. बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली रेडिओ, खिडकीत आईनं डब्यात लावलेली कोथिंबीर, जी कधीच चार बोटांच्या वर वाढली नाही. रविवारी सकाळी वंदना झाली की पोहे व्हायचे आणि त्या कोथिंबिरीची दोन-दोन पानं मोजून प्रत्येकाच्या बशीत पडायची. आता ती इमारत नाही. ती पाडून तिथं दोन मजली घरांच्या रांगा केल्या आहेत, पुढं छोट्या बागा, सायकली ठेवायला लाकडी खोपटी. मागच्या वर्षी नातीला दाखवायला घेऊन गेले, तर आठवा मजला कुठं होता हे सांगायला मला आभाळाकडे बोट करावं लागलं. ती डचमध्ये म्हणाली, "आजी, तिथं तर काहीच नाही," आणि मग आइस्क्रीम मागितलं.

तांते एर्ना सहाव्या दारात राहायची. ‘तांते’ म्हणजे मावशी म्हणा, काकू म्हणा. वयानं मोठ्या बाईला तिथं सगळे तांतेच म्हणत. ती सुरिनामची, एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करायची, आणि दिवसभर उभं राहून तिचे घोटे संध्याकाळी टम्म सुजलेले असायचे. आईची आणि तिची ओळख चवळीच्या शेंगांमुळे झाली. या देशात आल्यापासून आई हातभर लांबीच्या त्या शेंगा शोधत होती, आणि एक दिवस लिफ्टमध्ये त्या एर्नाच्या पिशवीतून लोंबताना दिसल्या. आईनं सरळ त्या हातातच धरल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण लिफ्ट आठव्या मजल्यावर पोचेपर्यंत अर्धी जुडी आमच्या घरी यायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी आईनं शेंगदाण्याची चटणी डबीत घालून पाठवली. संध्याकाळी डबी परत आली ती पिकल्या राजेळी केळ्यांच्या तळलेल्या कापांनी भरून, आणि त्यांच्यावर शेंगदाण्याचंच घट्ट, तिखट सार. "बघ, डबी रिकामी पाठवायची नसते हे यांनाही कळतं," आई म्हणाली, आणि त्या दिवसापासून एर्ना तिच्या लेखी आपल्यातली झाली.

शनिवारी दुपारी एर्नाकडे पाच-सहा बायका जमत, सगळ्या सुरिनामच्या किंवा तिकडच्या कॅरिबियन बेटांवरच्या. एक जण कादंबरी मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांच्या हातात काही ना काही काम असायचं, शेंगा मोडणं, इस्त्री, कुणाच्या तरी मुलीच्या वेण्या. कादंबऱ्या त्यांच्याच मुलखातल्या, आणि बहुतेक त्यांच्यासारख्याच बायकांच्या. ऊसमळ्यावर, मिठागरावर, मालकाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायका, ज्यांना मारलं जातं, नाडलं जातं, आणि ज्या एक दिवस पुरे झालं म्हणतात. ग्रंथालयातून प्रत एकच यायची, म्हणून वाचन मोठ्यानं. आणि नियम असा होता की प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि प्रत्येकीनं पाळीपाळीनं सांगायचं, मी असते तर काय केलं असतं. पाळी चुकवायची नाही. दुसरीचं खोडायचं नाही. एर्नानं आईला बोलावलं तेव्हा आई म्हणाली, "मला त्यातलं काय कळणार?" एर्नानं माझ्याकडे बोट दाखवलं. मी चौदा वर्षांची होते, शाळेमुळे डच सफाईनं बोलायचे, आणि आमच्या घरची सरकारी पत्रं, डॉक्टर, दुकानातल्या तक्रारी सगळं माझ्याच तोंडून चालायचं. शाळेच्या पालकसभेत बाईंचं माझ्याबद्दलचं मतसुद्धा मीच आईला मराठीत सांगायचे, आणि ते नेहमी चांगलंच असायचं.

त्या हिवाळ्यात जी कादंबरी चालली होती ती एका कोरड्या बेटावरच्या योस्तिना नावाच्या बाईची होती. ती मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहायची. तिचा नवरा बेर्तो त्याच मिठागराचा मुकादम. तो कामावर बायकांना धाकात ठेवायचा आणि घरी योस्तिनाला मारायचा. सगळ्या बेटाला ते ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं, कारण काम त्याच्या शब्दावर मिळायचं. दुसऱ्याच प्रकरणात तो तिला कमरेच्या पट्ट्यानं मारतो. एर्ना ते आवाज न चढवता, बाजाराची यादी वाचावी तसं वाचत होती, आणि आई माझ्याकडे कान देऊन बसली होती. मला ते सांगता येईना. शब्द येत नव्हते असं नाही. नवरा बायकोला मारतो, हे वाक्य मराठीत, माझ्या तोंडून, आईच्या तोंडावर म्हणायचं, ते मला नको झालं. आमच्या घरात असल्या गोष्टी कुणी उच्चारत नसे. मग मी म्हणाले, "तिची सासू तिला फार छळते." आईनं लगेच सुस्कारा टाकला. सासू हा प्रकार तिला समजत होता. तिची स्वतःची सासू बिचारी गरीब होती, पण एकूण सासू. खरं तर बेर्तोची आई तो तान्हा असतानाच वारली होती, आणि तसं पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

एकदा आणली म्हटल्यावर तिला जगवणं भाग होतं. बेर्तोनं पट्टा उचलला की माझी सासू तोंड सोडायची. त्यानं योस्तिनाला घराबाहेर काढलं की सासू कोठीची किल्ली लपवून ठेवायची. चार आठवड्यांत मी तिला दमा दिला, एक काठी दिली आणि एक लाडावलेली धाकटी मुलगी दिली. आई शनिवारची वाट बघायला लागली. भांडी घासताना मधेच विचारायची, "त्या म्हातारीचं आता काय होईल गं?" खरी पंचाईत व्हायची ती पाळीच्या वेळी. आई म्हणायची, "मी असते तर तिला रोज हळद-दूध दिलं असतं. दम्यानं माणूस चिडचिडं होतं." हे डचमध्ये कुठल्या तोंडानं सांगणार? मी सांगितलं, "आई म्हणते, ती असती तर मिठागरावरच्या सगळ्या बायकांना घेऊन मालकाच्या दारात बसली असती." बायकांचे हात थांबले. एर्नानं इस्त्री उभी करून ठेवली आणि आईकडे नीट बघितलं. पुढच्या शनिवारी आई म्हणाली की मी नणंदेला हाताशी धरलं असतं. मी सांगितलं की आई म्हणते, तिनं तो पट्टा चुलीत घातला असता. असं करता करता आमच्या साध्यासुध्या आईची त्या गॅलरीवर एक जहाल बाई म्हणून ख्याती झाली. तळलेली केळी आली की बशी आधी तिच्यापुढं जायची. "किती मान देतात गं मला," आई घरी येऊन बाबांना सांगायची. मला हसू यायचं, आणि मी घाईनं विषय बदलायचे.

विलासमामा आईचा धाकटा भाऊ. तो विमानतळावर मालाच्या गोदामात पाळ्यांनी काम करायचा आणि बाडहूव्हडॉर्पला राहायचा. त्याला इथं आणलं बाबांनी, पण आई म्हणायची, तो आला म्हणून मी या थंडीत टिकले. हसरा माणूस, हाताचा सढळ. माझी पहिली नवी कोरी सायकल त्यानं घेतली आणि तीन रविवार माझ्यामागे धावून तीवर बसायला शिकवलं. दारातून "जयभीम, ताई" असा त्याचा आवाज आला की आईचा चेहरा फुलायचा, मग ती कितीही दमलेली असो. हे सगळं खरं आहे, आणि पुढं जे सांगणार आहे तेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाबद्दल आहे हे मला पटायला फार वर्षं लागली. शैलामामी लग्न होऊन इथं आली त्याला दीड वर्ष झालं होतं. पोळ्या ती आईपेक्षा मऊ करायची आणि बोलायची इतक्या बारीक आवाजात, की बाबा दर वेळी "काय म्हणालीस?" विचारायचे. तिला डच येत नव्हतं, सायकल येत नव्हती, ओळखीचं आमच्याखेरीज कुणी नव्हतं. शनिवारी मामाला काम असलं की तो तिला आमच्याकडे सोडायचा, आणि ती आमच्याबरोबर एर्नाकडे येऊन माझ्या दुसऱ्या बाजूला बसायची. एर्नाच्या घरात हीटर इतका चढवलेला असायचा की आम्ही सगळ्या बाह्या सरसावून बसायचो. मामी तेवढी लांब बाह्यांच्या स्वेटरमध्ये. "हिला थंडी फार वाजते," आई म्हणायची.

थंडी सरत आली तेव्हा एका दुपारी मामा मला शाळेच्या फाटकावर न्यायला आला. मामीचं मनगट सुजलं होतं आणि हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे वस्तीतल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, जायचं होतं. "बाईमाणसाचं आहे, आत तू असलेली बरी," तो म्हणाला. गाडी चालवताना, रस्त्यावरची नजर न काढता, त्यानं पुढं सांगितलं, "विचारलं तर सांग, जिन्यावरून पाय घसरला." मग लगेच माझ्या गणिताच्या परीक्षेची चौकशी केली. मामी मागच्या सीटवर होती. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलायचे. त्यांनी मनगट बघितलं, बाही थोडी वर करून बघितलं, आणि मला म्हणाले, "हे कसं झालं ते तिला विचार. आणि घरात तिला कुणाची भीती वाटते का, तेही विचार." मी विचारलं. मामीनं बंद दाराकडे एकदा पाहिलं आणि तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "सांग त्यांना. ह्यांनी हात पिरगाळला. आधीही मारलंय. मला घरी जायला भीती वाटते म्हणून सांग." मी डॉक्टरांकडे वळले आणि डचमध्ये म्हणाले, "ती जिन्यावरून घसरली. घरी सगळं ठीक आहे."

असं मी का केलं, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. मामा बाहेर बसला होता, हे एक. त्या गोऱ्या डॉक्टरांसमोर आपल्या माणसाची लाज वाटली, हे दुसरं. आणि तिसरं असं की इतके शनिवार मी तेच करत आले होते. जे सांगवत नाही त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवायचं, म्हणजे सगळ्यांचं सुरळीत चालतं. डॉक्टर माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. मग मनगटाला पट्टी बांधली, मलम लिहून दिलं आणि पुन्हा काही झालं तर या म्हणाले. "काय म्हणाले?" मामीनं विचारलं. "आराम कर म्हणाले." "एवढंच?" "एवढंच," मी म्हणाले. ती पर्स उचलून उभी राहिली आणि बाहेर मामानं पुढं केलेल्या कोटात हात घातले.

म्हणजे मामीच्या समजुतीप्रमाणे तिनं सांगितलं होतं. सगळा धीर गोळा करून एका डॉक्टरला सांगितलं होतं, आणि त्यानं ऐकून घेऊन मलम दिलं होतं. त्यानंतर एर्नाकडे तिची पाळी आली की ती दर वेळी एकच म्हणायची, "मी असते तर गप्प बसले असते. सांगून काही होत नाही." त्या खोलीत या वाक्याचा अर्थ फक्त मला कळत होता. आईला वाटायचं, नवी सून आहे, सासूपुढं काय बोलणार. बायका माझ्या तोंडाकडे बघायच्या आणि मी सांगायचे, "मामी अजून विचार करतेय." रविवारी वंदनेत पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज आपोआप खाली जायचा. बाबांना वाटलं घसा बसलाय. त्यांनी मला आठवडाभर मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या. आज कुणी मला ही हकीकत दुसऱ्या एखाद्या पोरीची म्हणून सांगितली तर मी म्हणेन, चौदा वर्षांची मुलगी ती, मोठ्यांनी तिला तिथं बसवायलाच नको होतं. स्वतःला मात्र ते सांगायला गेले की जमत नाही.

एका शनिवारी एर्नाकडे इंद्रा नावाची नवी बाई आली. तीही सुरिनामची, पण तिचे पणजोबा बिहारकडून तिथल्या ऊसमळ्यांवर गेलेले, आणि ती घरात जी बोली बोलायची ती आईला हिंदीच्या जोरावर निम्मीअधिक कळायची. आई हरखून तिच्या शेजारी जाऊन बसली. तिथं यायला लागल्यापासून पहिल्यांदा तिला त्या खोलीत माझ्याशिवाय कुणाशी तरी बोलता येत होतं. त्या दिवशीचं प्रकरण कादंबरीतलं मोठं प्रकरण होतं. रविवारी चर्च सुटल्यावर सगळं बेट पायऱ्यांवर उभं असताना योस्तिना वळते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, बेर्तोनं तिला कोणत्या दिवशी, कशानं आणि कुठं मारलं. बेर्तो तिथंच उभा असतो. आणि शेवटी ती बायकांना म्हणते, उद्या कुणी टोपली उचलायची नाही. दुसऱ्या दिवशी कुणी उचलत नाही. मी मराठीत सांगितलं की सासू चर्चबाहेर सगळ्यांसमोर योस्तिनाची माफी मागते. आईनं डोळे पुसले.

पाळी आईवर आली तेव्हा ती माझ्यासाठी थांबलीच नाही. इंद्राकडे वळून तिच्या हिंदीत म्हणाली, "मैं होती तो सास को माफ कर देती. आखिर बूढ़ी औरत है." इंद्रानं शेंग मोडता मोडता विचारलं, "कौन सास?" "योस्तिना की. वो दमेवाली." इंद्रानं एर्नाला डचमध्ये विचारलं, सासू कुठल्या प्रकरणात होती, कारण आज ती पहिल्यांदाच आली होती. एर्नानं चष्मा लावून पानं मागं उलटली आणि सांगितलं, सासू कुठंच नाही, ती तर केव्हाच वारलेली. दोघी-तिघी हसायला लागल्या, त्यांना वाटलं काहीतरी गंमत चाललीय. मग इंद्रानं आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजावून सांगितलं, "सास नाहीं है, बहिन. ओकर आदमी है. ऊ ओके मारे है. सुरू से मारे है." आईनं माझ्याकडे बघितलं. माझे कान तापले होते आणि मी समोरच्या बशीतली केळी बघत होते.

मामीलाही हिंदी कळत होतं. तिनं पुस्तकाकडे बघितलं नाही, इंद्राकडेही नाही. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सुजू, डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"जिन्यावरून घसरली म्हणून."

"आणि भीती वाटते ते?"

"घरी सगळं ठीक आहे, असं मी सांगितलं."

मला वाटलं ती रागावेल. तिनं हातातली शेंग टोपलीत ठेवली आणि म्हणाली, "म्हणजे त्यांना कळलंच नाही. इतके दिवस मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देतेय." तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं, आणि त्यानंच मला रडू फुटलं. "कसली भीती? कुणाची?" आई विचारत होती. मामीनं स्वेटरची बाही कोपरापर्यंत वर ओढली. जुने डाग पिवळे पडले होते, नवे काळेनिळे. त्या खोलीत एर्ना किंवा दुसऱ्या कुणालाही काय चाललंय ते मला विचारावं लागलं नाही. एका बाईनं उठून हीटर कमी केला, का ते मला माहीत नाही.

एर्नानं सगळ्यांना चहा दिला आणि मग म्हणाली, या दोघींनी जे प्रकरण ऐकलंच नाही त्यावर पाळी कशी घेता येईल? तिनं पुस्तक पुन्हा उघडलं आणि चर्चच्या पायऱ्यांपासून वाचायला लागली, एक वाक्य वाचून थांबायची आणि माझी वाट बघायची. मी ते सांगितलं, पट्टा म्हणजे पट्टा आणि नवरा म्हणजे नवरा. मधे माझा आवाज फुटायचा, तेव्हा ती बोट त्याच ओळीवर धरून थांबायची. संपल्यावर आईची पाळी आली. तिनं मामीच्या उघड्या हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "मी असते तर काय केलं असतं ते मला आता माहीत आहे. मी तिचं स्वेटर बघितलं असतं आणि म्हणाले असते, हिला थंडी वाजते. मला दिसत होतं गं, सुजू. पण तो माझा भाऊ आहे." थोड्या वेळानं ती म्हणाली, "हे त्यांना सांग. असंच." मी सांगितलं. इतक्या महिन्यांत आईचे स्वतःचे शब्द त्या खोलीत पहिल्यांदा पोचले. जहाल बाई म्हणून तिची ख्याती तिथंच संपली, पण निघताना एर्नानं केळ्यांची डबी तिच्याच हातात दिली.

मामा सहा वाजता मामीला न्यायला आला. बाहेर अजून उजेड होता. आई दारात उभी होती. "शैला इथंच राहील," ती म्हणाली.

"का? काय झालं?" म्हणत तो नेहमीसारखा बुटाची नाडी सोडायला वाकला.

"विलास, बूट काढू नकोस."

तो तसाच वाकलेला राहिला, मग सावकाश सरळ झाला. तिच्या खांद्यावरून त्याला आत मी दिसत होते. "सुजू, काय सांगितलंस गं तू?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात तीच माया होती, सायकलमागे धावतानाची. "ताई, हे आमच्या घरातलं आहे," तो म्हणाला. "मी तुला कडेवर घेऊन वाढवलंय," आई म्हणाली, "तुझं घर मला परकं नाही. आज जा. उद्या फोनही करू नकोस." बाबा येऊन तिच्या शेजारी उभे राहिले. दोन दारं पलीकडे एर्ना गॅलरीत खुर्ची टाकून आपले सुजलेले पाय वर घेऊन बसली होती आणि उघड उघड आमच्याकडे बघत होती. मामा गेला. आईनं दार लावलं, स्वयंपाकघरात जाऊन खाली फरशीवर बसली आणि पोटभर रडली. ती मामीसाठी रडत नव्हती, आपल्या भावासाठी रडत होती. मामी तिच्याशेजारी जाऊन बसली.

पुढचं थोडक्यात सांगून टाकते, कारण मला शेवटी दुसऱ्याच एका खोलीत थांबायचं आहे. मामी पुन्हा त्या घरी राहायला गेली नाही. ती आमच्याकडे वर्षभर होती, मग तिला उइटहॉर्नला छोटं घर मिळालं आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. डच शिकली, सायकलही शिकली. आता ती सत्तरीला आली आहे आणि बाबा असते तर त्यांना "काय म्हणालीस?" असं विचारावं लागलं नसतं, इतकी खणखणीत बोलते. मामा काही वर्षांनी भारतात परत गेला. आई त्याला शेवटपर्यंत पत्रं लिहायची आणि ती टाकायला मला न सांगता स्वतः जायची. मी त्याला परत भेटले नाही. ती सायकल मी वापरत राहिले.

तर त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मामी पुन्हा डॉक्टरांकडे गेली. इंद्रा म्हणाली होती, मी येते बोलायला, मोठ्या माणसानं असलेलं बरं. आईलाही तेच वाटत होतं. मामी म्हणाली, "नको. हिनं बिघडवलंय, हीच निस्तरेल." आई बाहेर थांबली. आत त्याच दोन खुर्च्या होत्या. मामीनं बसल्या बसल्या मला बजावलं, "मी एकेक वाक्य सांगेन. तू एकेक सांग. मधे आपलं काही घालायचं नाही." मग ती सांगायला लागली, लग्नानंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून, आणि मी तिच्यामागून डचमध्ये सांगत गेले. डॉक्टर लिहीत होते. मनगटापर्यंत आल्यावर ती थांबली, माझ्याकडे न बघता डॉक्टरांकडे बघितलं आणि म्हणाली, "सांग, मागच्या वेळी मी याच खुर्चीत बसून हेच सांगितलं होतं. या मुलीनं ते तुम्हाला सांगितलं नाही. खोटं सांगितलं."

डॉक्टर पेन धरून वाट बघत होते. माझ्या शब्दांशिवाय त्या दोघांना एकमेकांचं काहीही कळणार नव्हतं, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी सांगितलं. ‘या मुलीनं’ असंच सांगितलं, जशी ती मुलगी दुसरी कुणी होती, आणि शेवटचे दोन शब्दही सांगितले. डॉक्टरांनी लिहायचं थांबून मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"सांगितलंस?" मामीनं विचारलं.

"हो."

"खोटं सांगितलं असं मी म्हणाले, तेसुद्धा?"

"हो. तेसुद्धा."

"बरं," ती म्हणाली, "मग आता पुढचं सांग," आणि तिनं पुढचं वाक्य सांगितलं.